बसमधून दिसणारं घर

पुंजाजींनी एसटीत सत्तावीस वर्षं तिकिटं फाडली आणि दर फेरीला मालेगाव-वाशीम रस्त्यावरची घरं डोळे भरून पाहिली. आपलंही घर एक दिवस असंच बसमधून दिसेल, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या बायकोचं, वच्छलाबाईंचं मागणं त्याहून लहान होतं. टिनाच्या छपराखाली भाकरी थापण्यात जन्म गेलेला. मे महिन्यात, लाइन गेलेली असताना, दुपारी तासभर डोळा लागेल अशी एक खोली त्यांना हवी होती. पुण्यात घरांचे नकाशे काढणाऱ्या उत्कर्षनं आईचं ऐकलं. तिची खोली ईशान्येला, उत्तरेला खोल ओसरी, आणि पश्चिमेला बिनखिडकीची जाड भिंत.

पण रस्ता नेमका पश्चिमेला.

"लोकायनं काय नुसती भित पाहाची?" पुंजाजींनी मिस्त्री संघदीपसमोर नकाशाचा कागद पाव गिरकी फिरवला. "हे पाय, आलं तोंड रस्त्याकडं."

"दादा, खोल्याबी फिरल्या नं."

"फिरू दे. घरातच राह्यतीन, जातीन कुठं?"

वच्छलाबाईंची खोली अशी पश्चिमेच्या उन्हात आली. ओसरीमुळे दर्शनी भाग झाकतो म्हणून ओसरी गेली, तिथं निळी काच आली. फोनवर उत्कर्षला 'थोडासा बदल' एवढंच कळलं. सिमेंट ठेवायला वच्छलाबाईंनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड मातीनं लिंपून, रस्त्याकडच्या कडुनिंबाखाली झोपडी उभारली होती. घराचं तोंड झाकते म्हणून गृहप्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी ती पाडायचं ठरलं.

बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश झाला. सकाळी वंदना झाली, खीर झाली, घराची वाहवा झाली. दुपारी लाइन गेली आणि ऊन काचेतून थेट दिवाणखान्यात येऊन बसलं. "पानी पिऊन येतो," म्हणत पाहुणे एकेक उठले ते परतलेच नाहीत. पुंजाजी घामानं निथळत, हट्टानं एकटेच सोफ्यावर बसून राहिले.

शेवटी ते बायकोच्या खोलीत गेले. खोली रिकामी. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि तव्यावरून उचलावा तसा उचलला.

सगळे पाहुणे झोपडीत सापडले. दाटीवाटीनं बसलेले, पण हळू आवाजात बोलणारे, कारण कोपऱ्यात वच्छलाबाई गाढ झोपल्या होत्या. चेहऱ्यावर घामाचा थेंब नव्हता. पुंजाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईनं आयुष्यात एवढीच एक गोष्ट मागितली होती, आणि तीही शेवटी तिची तिनंच बांधून घेतली.

"दादा, उद्या हे पाडाची हाये नं?" संघदीपनं विचारलं.

"हळू बोल," पुंजाजी दाराशी टेकत म्हणाले. "उत्कर्षची माय झोपली हाये."

तेवढ्यात वाशीमची बस गेली. खिडक्यांतली डोकी वळून वळून बंगल्याकडे पाहत होती. पुंजाजींनीही पाहिलं. बाहेरून घर खरंच झकास दिसत होतं.