पाण्याचे चार डबे

पहिल्या डब्याचं टोपण फिरवून विल्फ हेस्केथने बोट आत बुडवलं आणि जिभेला लावलं. पेट्रोल. त्याने दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला, चौथ्याला हात लावायची हिंमत होईना तरी तोही उघडला. चारही डब्यांत काठोकाठ पेट्रोल होतं. डब्यांत प्यायला थेंबभर पाणी नव्हतं, आणि ट्रकच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली एम्लिन प्रोबर्ट मांडी फाटून तापाने फणफणत पडला होता.

१९४२ चा जून संपत आला होता. लिबियातलं टोब्रुक जर्मनांच्या हाती पडलं होतं आणि अख्खी ब्रिटिश फौज इजिप्तच्या दिशेने पळत सुटली होती. लंडनचे पेपरवाले त्याला शिस्तबद्ध माघार म्हणत असतील, म्हणोत बापडे. किनाऱ्याचा रस्ता जर्मनांनी तोडल्यामुळे विल्फ, एम्लिन आणि त्यांचा सार्जंट हे तिघे दक्षिणेच्या उघड्या वाळवंटातून होकायंत्राच्या भरवशावर चालले होते.

आता कोणी म्हणेल, ज्याला पेट्रोल आणि पाणी ओळखता येत नाही त्याला ड्रायव्हर केला कोणी? पण तिथे पाणी यायचंच मुळी पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून. दोन वर्षं सगळी फौज पेट्रोलच्या वासाचं पाणी पीत होती, त्याच वासाचा चहा घेत होती. वासाची कुरकुर करणारा कालचा पोरगा समजला जायचा. डेपो पेटलेला, तोफा जवळ आलेल्या, अशा गडबडीत विल्फने रोजच्याच जागेवरच्या ढिगातून चार डबे उचलले. हुंगून पाहिले, वास आला आणि त्याने ते निर्धास्तपणे ट्रकमध्ये टाकले. आदल्या दिवशी कोणीतरी पाण्याचा ढीग हलवून तिथे पेट्रोलचा रचला होता, ते त्याला कोण सांगणार? एकच गोष्ट मात्र त्याच्या काळजाला कुरतडत होती. डबे हाताला हलके लागले होते. पाणी जड असतं, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. आणि हा गाढव मनात म्हणाला होता, बरं झालं, पटापट उचलता येतायत.

"चहा टाकलास का रे?" पुढून सार्जंट स्ट्रडविकचा आवाज आला.

स्ट्रडविकची हाडं लष्करातच पिकली होती. नऊ वर्षं हिंदुस्थानात, देवळालीच्या छावणीत काढलेली. गाडी थांबली की चहा, हा त्याचा धर्म. अर्ध्या कापलेल्या डब्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून काडी लावायची आणि त्यावर पाणी ठेवायचं. मागे जर्मन रणगाडे दिसत असतानाही त्याने चहा उकळायला लावल्याचं सगळी पलटण सांगे.

"आग पेटली का?"

"आगीला काही कमी नाही, सार्जंट."

"मग घोडं कुठे अडलंय? घसा पार वाळलाय माझा."

"चारही डब्यांत पेट्रोल आहे," विल्फ म्हणाला. "मी चुकलो."

सार्जंट आला. त्याने स्वतः चारही डबे चाखून पाहिले, थुंकला आणि पायरीवर बसला. शिव्या देण्यात या माणसाचा हात धरणारा पलटणीत कोणी नव्हता. आज त्याच्या तोंडून एकही निघाली नाही आणि विल्फला तेच सहन होईना.

"मारा मला."

"आणि गाडी कोण हाकणार? तुझा बाप?"

"काय झालं रे?" ताडपत्रीखालून एम्लिन म्हणाला. तो वेल्समधला कोळसा खाणीतला गडी. बोलला नाही तर त्याला जेवण पचत नसे. "चहा उतू गेला की काय?"

त्याला सांगावंच लागलं. तो म्हणाला, "चार डबे पेट्रोल! म्हणजे आता लंडनपर्यंत जाता येईल, पण जिवंत नाही."

हिशोब सोपा होता आणि जीवघेणा होता. ज्या तोफगोळ्याने एम्लिनची मांडी फाडली, त्याच्याच एका तुकड्याने रेडिएटरला भोक पाडलं होतं. साबण लिंपून भोक बुजवलं तरी ते पाझरायचं, दर सहा मैलांना मगभर पाणी मागायचं. सकाळी दोघांनी बॉनेटवर चढून त्यात लघवीदेखील केली होती; आता अंगात तेवढंही उरलं नव्हतं. वाटेतल्या एकमेव विहिरीत मागे हटणाऱ्या आपल्याच लोकांनी शत्रूला पाणी मिळू नये म्हणून तेल ओतून ठेवलं होतं. कमरेच्या दोन बाटल्या मिळून चार मग पाणी होतं. आणि आपल्या फौजेची फळी अजून वीस-पंचवीस मैल लांब होती.

"पोराला पाणी नाही मिळालं तर तो जाईल," सार्जंट हळू आवाजात म्हणाला.

"पोराला ऐकू येतंय," एम्लिन म्हणाला. "इंजिनाला द्या. मी थांबलो म्हणून गाडी थांबत नाही. गाडी थांबली तर तिघेही इथेच वाळून जाऊ." मग त्याने विल्फचं मनगट धरलं. त्याचा हात तव्यासारखा तापला होता. "ऐक. ताप डोक्यात गेला की मी मागणार. रडणार, पाया पडणार, नाही नाही ते बोलणार. तू ऐकायचं नाहीस. शपथ घे."

"आईची शपथ."

"आईची तू पत्ते खेळताना पण घेतोस, लबाडा. मुलीची घे."

विल्फची मेव्हिस अडीच वर्षांची होती. त्याने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्याने तिची शपथ घेतली.

पहिला मग ओतला तेव्हा एम्लिन हसत होता. सार्जंटने रुमालाचं टोक मगात बुडवून त्याच्या ओठांना लावलं, तेवढंच. दुसऱ्या मगाला तो डोळे मिटून राहिला. तिसऱ्याला म्हणाला, "थोडं जास्त बुडवा ना रुमाल," आणि सार्जंट तोंड फिरवून नाक शिंकरत बसला. ऊन असं होतं की ट्रकच्या पत्र्याला हात लावला तर कातडी सोलून यावी.

चौथ्या थांब्याला इंजिनातून वाफ फुसफुसत होती. समोरच्या टेकाडापलीकडे गाड्यांची धूळ दिसत होती. आपली की त्यांची, हे बघायला सार्जंट दुर्बीण घेऊन वर चढला. विल्फ शेवटचा मग भरून उभा राहिला, आणि एम्लिन कोपरावर उठून बसला.

"विल्फ. राजा. एक घोट."

"नाही, एम."

"एकच रे. उरलेलं ओत हवं तर." त्याची जीभ सुजून दातांबाहेर येत होती. "माझी आई तुला आशीर्वाद देईल."

"तूच मला शपथ घातलीस."

"कसली शपथ? मी कधी घातली?" त्याला खरंच काही आठवत नव्हतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. "डबे तू चुकीचे आणलेस. मी काय केलं? तुझ्या चुकीपायी मी का मरू?"

विल्फचा हात आपोआप पुढे झाला. पाण्याचा मग एम्लिनच्या ओठांपासून वीतभर राहिला होता. त्या क्षणी त्याला मेव्हिस आठवली नाही, इंजिन आठवलं नाही. समोरचं ते काळं पडलेलं तोंड तेवढं दिसत होतं.

टेकाडावर सार्जंट दोन्ही हात हलवून नाचत होता. "आपलेच आहेत! पाच मैल! चल, गाडी काढ!"

विल्फने हात मागे घेतला. तो पुढे धावला, हाताला चिंध्या गुंडाळून टोपण काढलं आणि हातातला मग रेडिएटरमध्ये उपडा केला. एम्लिन ट्रकच्या फळीच्या फटीतून बघत होता. पाण्याचा आवाज ऐकून तो जो ओरडला, तसं ओरडताना विल्फने कोणाला ऐकलं नव्हतं, आणि रणांगणावर त्याने बरंच ऐकलं होतं.

पाच मैल गाडी कण्हत कुथत गेली आणि पहाऱ्याच्या चौकीशी कायमची बंद पडली.

संध्याकाळी दवाखान्याच्या तंबूतून डॉक्टर बाहेर आला. "वाचेल. अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं."

विल्फ आत गेला. एम्लिनच्या तोंडात एक जवान चमच्याने पाणी घालत होता. एम्लिनने विल्फला पाहिलं आणि चमचा ढकलला.

"ह्याला बाहेर काढा! ह्याने माझ्या डोळ्यांदेखत गाडीला पाणी पाजलं. मला नाही, गाडीला! खुनी आहे हा!"

"अरे मूर्खा, तूच तर त्याला..." सार्जंट बोलायला लागला.

विल्फने त्याची बाही ओढून त्याला बाहेर आणलं. "नका सांगू."

"का नको? त्यानेच शपथ घातली होती."

"डबे त्याने उचलले नव्हते, सार्जंट."

सार्जंटने त्याच्याकडे पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि चहा कुठे मिळतो ते बघायला गेला. विल्फ तंबूबाहेर वाळूत बसला आणि पोरासारखा रडला. आत एम्लिन त्याचा उद्धार करत होता, आधी इंग्रजीतून, मग वेल्श भाषेतून. विल्फला वेल्शमधलं अक्षर कळत नव्हतं, तरी तो एकेक शब्द कान देऊन ऐकत राहिला.

एकदम आतला आवाज थांबला. विल्फ ताडकन उठला आणि कनातीला कान लावून उभा राहिला. एम्लिनने दम खाल्ला, पाण्याचा एक घोट घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.