रंगवलेला संगमरवर

मी एक जुने चर्च आहे. विस्कॉन्सिनच्या मक्याच्या शेतांमध्ये, रस्त्याच्या कडेला उभे. माझ्या मनोऱ्यावर लोखंडी कोंबडा आहे. वारा येईल तिकडे तो तोंड फिरवतो. मित्रांनो, तेवढीच काय ती माझी हालचाल.

जर्मनीतून आलेल्या शेतकऱ्यांनी मला बांधले. ते स्वतः ओंडक्यांच्या खोपटांत राहत, पण माझ्या भिंतींसाठी त्यांनी गोठलेल्या नदीवरून घसरगाड्यांनी दगड ओढून आणला. आत तिन्ही बाजूंनी सज्जा, उजवीकडे पुरुषांची बाके, डावीकडे बायकांची. सज्जा पेलणारे खांब मात्र संगमरवराचेच हवेत, असा सगळ्यांचा हट्ट होता, आणि खिशात दमडी नव्हती. मग गॉटलीब सुताराने ओकच्या लाकडाचे खांब उभे केले आणि रंगात बुडवलेल्या पिसाने त्यांवर अशा निळसर शिरा रंगवल्या की पाहुणे हात लावून बघत. मला त्या खांबांचा फार अभिमान होता.

गॉटलीबची नातवंडे हेडविग आणि ओटमार माझ्या डोळ्यांदेखत वाढली. ती मोठी झाली आणि गावात भांडण पेटले. प्रवचन जर्मनमध्ये हवे की इंग्रजीत? इंग्रजीवाले तिरीमिरीत उठले आणि रस्त्यापलीकडे विटांचे नवे चर्च बांधून मोकळे झाले. ओटमार तिकडे गेला, हेडविग माझ्याकडे राहिली. एरवी बहीणभाऊ एका टेबलाशी बसून बटाट्याची धिरडी खात, पण रविवारी दोघांची दारे वेगळी. पुढे माझ्याकडेही इंग्रजीच सुरू झाली. भांडणाचे कारण उरले नाही, पण सुंभ जळाला तरी पीळ जातो कुठे! आणि आजोबांची सुतारकी हातात असलेला गावात एकटा ओटमारच होता, तो रस्त्यापलीकडे.

मग मनोऱ्यापाशी छपराचा पत्रा उचकटला. वितळत्या बर्फाचे पाणी बायकांच्या बाजूच्या एका खांबात उतरू लागले. वरून रंग तसाच तुकतुकीत, आत भुसा. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे? दर वसंतात बायका ओल्या फडक्याने तो खांब पुसत आणि कौतुकाने म्हणत, "शेवटी दगड तो दगड!" तेव्हा मला रडू येई. मी काहीच करू शकत नव्हते.

यंदा हेडविग खांब पुसत असताना तिचे बोट आत गेले. ती तशीच रस्ता ओलांडून गेली आणि भावाला घेऊन आली. म्हातारा ओटमार इतक्या वर्षांनी माझ्या दारात आला आणि क्षणभर उंबऱ्यावरच अडखळला. मग त्याने खांबावर बोटाने टकटक केले. पोकळ आवाज आला.

"हेडी, अगं हा लाकडाचा आहे! आजोबांचं काम ना हे?"

"मलासुद्धा दगडच वाटायला लागला होता रे. दगडाला काय धाड भरणार?"

"मी असतो तर पहिल्याच वर्षी ठोकून बघितलं असतं."

"मग होतास कुठे?"

ओटमारने मान खाली घातली. "समोर," तो म्हणाला.

पाहणी करणारे आले. तोवर पाणी झिरपत जाऊन सगळेच खांब आतून कुजले होते. इतक्या वर्षांत दोन्ही चर्चची मंडळी पहिल्यांदा एकत्र बसली, ती मला पाडायचे ठरवायला. मक्याची कापणी झाली की मी नसेन.

आता ओटमार रोज येतो. सज्जाखाली टेकू लावतो, पाचर ठोकतो. परवा हेडविग वैतागून म्हणाली, "पाडणारच आहेत ना? मग कशाला मरमर करतोस?"

"तोवर तुझ्या डोक्यावर पडू नये म्हणून," तो म्हणाला, आणि पुन्हा ठोकू लागला. काम आटोपल्यावर तो उजवीकडच्या बाकावर बसला, ती डावीकडच्या. दोघेही वर बघत राहिले. त्यांना पुन्हा माझ्या छपराखाली बघून मला किती आनंद झाला, आणि किती उशीर झाला!

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादे जुने घर असेल, एखादी वास्तू असेल, एखादे रुसलेले माणूस असेल. वरच्या रंगावर जाऊ नका. जवळ जा, हाताने ठोकून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. कोणी ठोकले, तरच आमचा आवाज निघतो.