बोनेटची कड

"पत्रूकाका, ते रोटरी ठेवा खाली. मीटर पाहा ना, रंग लय पातळ आहे," दिव्यानी म्हणाली.

पत्रूनं रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरकडे पाहिलंही नाही. समोरच्या काळ्या गाडीवर सिमेंटची धूळ पावसात भिजून घट्ट बसली होती; धुतल्यावर तिचे पांढरट डाग उरले होते. सिमेंट कारखान्यांच्या गडचांदुरात अशा गाड्या तो बावीस वर्षं चमकवत आला होता. आधी दिव्यानीच्या वडिलांच्या हाताखाली, ते गेल्यावर तिच्या.

"तुह्या त्या ऑर्बिटल मशीननं असे डाग निंगत नाई, पोरी. नुसती डुलत राह्यते ते."

"पण जाळत तं नाई."

तेवढ्यात फोन आला म्हणून ती बाहेर गेली. पत्रूनं रोटरी सुरू केली. एकाच जागी गरगर फिरणारं यंत्र. डाग झटक्यात कापतं, पण क्षणभर रेंगाळलं तर रंगही खातं. अर्धं बोनेट आरशासारखं निघालं. मग तो हेडलाइटजवळच्या कडेशी आला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून थरथरला. पॅड कडेवर दाबलं गेलं. जळका वास आला. त्यानं बटण सोडलं तेव्हा चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका उघडा पडला होता.

दिव्यानी आत आली. ठिपक्यावर बोट ठेवून उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

"गोटा लागला असंन, आधीचंच आहे, असं सांगू," ती हळू म्हणाली. "तुम्ही काई बोलू नका. मागच्या महिन्यातच एक गिऱ्हाईक तुटलं."

बाराच्या सुमाराला सरिता आली. दवाखान्यात नर्स होती. ही तिची पहिलीच गाडी. बोनेटवरून फिरणारा तिचा हात कडेशी थांबला.

"हे काय झालं?"

दिव्यानीनं तोंड उघडलं, पण पत्रू आधी बोलला. "माह्या हातानं जळलं, बाई. पोरीनं दुसरी मशीन घ्या म्हटलं होतं. मीच आयकलं नाई."

सरितानं ठिपक्यावरची नजर काढून त्याच्या हाताकडे वळवली. तो त्यानं फडक्यात गुंडाळला होता.

"फडकं काढा, भाऊ. हात समोर धरा." तिनं थोडा वेळ पाहिलं. "कधीपासून थरथरते?"

"दिवाळीपासून."

"मले काऊन नाई सांगितलं, काका?" दिव्यानी म्हणाली.

"सांगितलं असतं तं तू मशीन काढून घेतली असती."

सरितानं पर्स खांद्याला लावली. "सोमवारी दवाखान्यात या, मी आहे तिथं. एवढी कड रंगवून द्या. बाकीचं दुसऱ्या मशीननं करा. डाग राह्यले तं राहू द्या."

दुपारभर पत्रूनं दारांवर ऑर्बिटल चालवली. यंत्राच्या थरथरीत त्याच्या हाताची थरथर वेगळी दिसत नव्हती. डाग फिके झाले, गेले नाहीत. मशीनची वायर दारावर घासायला लागली तशी दिव्यानी मागून आली. तिनं वायर उचलली आणि तो सरकेल तसतशी हातात धरून त्याच्यामागे चालत राहिली.