टाकीआडचा पाऊस

"बाई, तुमच्या गावात गेली अकरा वर्षं दुष्काळच आहे म्हणायचा," असं म्हणत साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

हवामान कार्यालयात ती अठ्ठावीस वर्षं पाऊस मोजत होती. सकाळी साडेआठला आवारातल्या पर्जन्यमापकाचं नरसाळं काढायचं, आत साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. काम एवढंसं, पण साडेआठ म्हणजे साडेआठ. सहा वर्षांपूर्वी आई शेवटच्या घटका मोजत होती, त्या सकाळीही हिने आधी पाऊस मोजला आणि मग बस पकडली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. भावाने तेव्हापासून अबोला धरलाय.

साहेब वरच्या कार्यालयातून आले होते, वयाने तिच्या मुलाएवढे, पण बोलायला नीट. त्यांनी समजावून सांगितलं. हजारो मैलांवरचा समुद्र दर काही वर्षांनी तापतो, मग वाऱ्यांची घडी विस्कटते आणि इकडचा पाऊस रोडावतो. तोच समुद्र थंडावला की इकडे धो धो. जुन्या नोंदी जुळवून कुठल्या गावाला किती फटका बसतो याचा तक्ता करायचा होता. धरणात पाणी किती राखून ठेवायचं हे पुढे त्यावरून ठरणार होतं. पडद्यावर बाकी गावांच्या रेषा समुद्राबरोबर खालीवर होत होत्या. हिच्या गावाची रेघ अकरा वर्षांपूर्वी जी बसली, ती थंड समुद्राच्या सालीही धड उठली नव्हती.

कारण खिडकीबाहेरच उभं होतं. अकरा वर्षांपूर्वी कार्यालयानेच पर्जन्यमापकापासून चार पावलांवर, नेमकी वाऱ्याच्या बाजूला, पाण्याची उंच टाकी बांधली. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस टाकीवर आपटायचा आणि उरलासुरला मापकात पडायचा. तिने सहा पत्रं लिहिली. सहाही वेळा 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

तिने साहेबांना टाकी दाखवली, हे सगळं सांगितलं आणि मग पिशवीतून दुसरी वही काढली. गोदामात मोडीत काढलेला एक पर्जन्यमापक तिने रीतसर अर्ज करून मागून घेतला होता, त्याच्या तळाला पडलेलं भोक बुजवलं होतं आणि घरामागच्या मोकळ्या मैदानात बसवला होता. साडेआठला दोन ठिकाणी हजर राहता येत नाही, म्हणून तिथे नवरा मोजायचा. पहिला महिनाभर त्याने कटकट केली. पुढे अकरा वर्षांत एक दिवस चुकवला नाही.

साहेबांनी त्या वहीतल्या बेरजा भरल्या आणि रेघ उठली. तापलेल्या समुद्राच्या साली खाली, थंड सालात वर, अगदी शेजारच्या गावांसारखी. ते स्वतःच "वा" म्हणाले. तिला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

"हे अक्षर कोणाचं?"

"आमच्या ह्यांचं."

"ते निरीक्षक आहेत?"

"शिलाई मशीन दुरुस्त करतात."

साहेबांनी वही मिटली. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण नियम तो नियम. टाकीआडची नोंद सदोष, म्हणून बाद. घरची नोंद अप्रशिक्षित माणसाची, म्हणून अग्राह्य. अकरा वर्षांच्या जागी रिकामे रकाने राहणार होते.

"म्हणजे खरी वही सरकारी नाही आणि सरकारी वही खरी नाही," ती म्हणाली. "मग साहेब, इथे पाऊस पडला की नाही?"

साहेब म्हणाले, मी याची नोंद घेतो.

घरी येऊन तिने पिशवी खाटेवर आदळली. टाकी बांधणारे बढत्या घेऊन गेले आणि रेघ मारली गेली हिच्या कामावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं आणि तो मापक आत्ताच्या आत्ता उपटून टाका म्हणाली. तो मशीनला तेल देत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "सकाळचा ससेमिरा सुटला."

ती हसली नाही.

"आई गेली त्या दिवशीचा आकडासुद्धा बाद झाला हो," ती म्हणाली. "एक्केचाळीस लिहिला होता मी. त्याच्यापायी थांबले."

नवऱ्याने हात पुसले, पिशवीतून आपली वही काढली, पानं उलटत मागे गेला आणि एका ओळीवर बोट ठेवून वही तिच्यापुढे धरली.

"माझ्याकडे आहे. त्रेपन्न."

तिने तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मग तिला रडू फुटलं, आणि रडतानाही रागच येत होता.

मापक उपटला गेला नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला नवरा मैदानात होता, ती आवारात. समुद्र यंदा तापला होता. भर पावसाळ्यात महिनाभर एक थेंब पडला नाही. महिनाअखेरीला तिने दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरजा केल्या. दोन्हीकडे शून्य. टाकी झाल्यापासून पावसाळ्यातल्या महिन्याची बेरीज पहिल्यांदाच जुळली होती.

सरकारी वहीत तिने सही केली. मग नवऱ्याची वही ओढली आणि त्याच्या अक्षराखालीही तशीच सही केली, हुद्द्यासकट.