एकशे चाळीस किलोचा मुलगा

"कोच, खरं काय ते सांगा. प्रो फुटबॉल संघातला माणूस आमच्या या गावात कशाला येतोय?" ट्रेंट ऑगल्स्बीने खुर्ची पुढे ओढत विचारलं. "माझी बायको म्हणते, नक्की काहीतरी लफडं असणार."

ग्लेन हलूस्काला हसू आलं. समोरचा हा पोरसवदा माणूस आता कॉलेजच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता, आणि पांढऱ्या केसांचा ग्लेन त्याच्याकडे नोकरी मागायला आला होता.

"लफडं कसलं? पोरगा आहे माझा तुमच्याकडे. एमेट. त्रेसष्ट नंबर, लाइनमध्ये खेळतो. शेवटचा एक हंगाम राहिलाय त्याचा."

"अरे देवा!" ऑगल्स्बीने कपाळाला हात लावला. "माफ करा हं कोच. मला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. आधीच्या कोचला काढलं, त्यांच्यामागे निम्मी पोरं दुसऱ्या कॉलेजांत पळाली, त्यांच्या जागी नवी येतायत. माझ्याच संघात मला नावं विचारत फिरावं लागतंय."

"चालायचंच."

"आणि पोरं आणायची म्हणजे आधी त्यांच्या आयांना पटवायचं. काल एका दिवसात तीन घरी जेवलो. तिन्ही घरी तोच भाजलेल्या खिम्याचा मीटलोफ. नाही म्हणायची सोय नाही."

"मला आवडतो मीटलोफ," ग्लेन म्हणाला.

"मग नोकरी तुमचीच," ऑगल्स्बी खो खो हसला. "संध्याकाळपर्यंत हो म्हणा, उद्या जाहीर करून टाकू."

ग्लेन तिथल्या तिथे हो म्हणाला असता. पण आधी पोराला सांगायचं, त्याचा चेहरा बघायचा आणि मग हो म्हणायचं, असं त्याने मिलवॉकीहून गाडीने येतानाच ठरवलं होतं.

आमच्याकडे अमेरिकन फुटबॉलचे वार वाटून दिलेले आहेत. शुक्रवारी शाळांचे सामने, शनिवारी कॉलेजांचे, रविवारी प्रो, म्हणजे पगारी खेळाडूंच्या, संघांचे. देवाने आठवडा केला तेव्हापासून हे असंच असावं, इतकं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. यात प्रो संघाच्या प्रशिक्षकाची गोची होते. शुक्रवारी त्याचा सराव असतो, आणि शनिवारी तो संघाबरोबर विमानात नाहीतर हॉटेलात असतो. त्यामुळे एमेट शाळेत खेळला, कॉलेजात खेळला, पण ग्लेनने मैदानावर बसून त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. दुसऱ्यांची पोरं मात्र त्याने आयुष्यभर पाहिली. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे जे पाच दांडगे गडी वाकून उभे राहतात आणि अंगावर येणाऱ्याला छातीवर घेतात, त्यांना तो शिकवायचा. त्यांची नावं कोणाला ठाऊक नसतात. हेल्मेटमुळे तोंडं दिसत नाहीत. पण ग्लेन नुसत्या चालीवरून सांगायचा, हा अमका आणि तो तमका.

एमेटशी दर गुरुवारी फोन व्हायचा. विषय एकच, पाय. पहिलं पाऊल किती टाकलंस? वजन टाचेवर तर जात नाही ना? "अजून दुसऱ्या फळीतच आहे, बाबा," एमेट म्हणायचा, आणि ग्लेन आणखी दोन युक्त्या सांगायचा. या हिवाळ्यात ग्लेनचा संघ हरला, हंगाम संपला, आणि या कॉलेजात लाइनच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाल्याचं कानावर आलं. ग्लेनला वाटलं, देव एवढा दयाळू असेल असं आपल्याला वाटलं नव्हतं. शेवटचं एक वर्ष का होईना, पोराच्या शेजारी उभं राहता येईल. मार्लीनला, त्याच्या बायकोला, त्याने हे सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. ती पुसतच राहिली.

"आधी त्याला विचार, ग्लेन."

"विचारायचं काय त्यात? खूश होईल पोरगा."

"तरी विचार."

एमेटला भेटायच्या ठरल्या वेळेच्या आधीच ग्लेन कॉलेजसमोरच्या डायनरमध्ये जाऊन बसला. लाइनच्या गड्याला भूक आवरत नाही. वजन टिकवायला त्याला दिवसभर खावं लागतं. म्हणून त्याने दोघांसाठी आधीच मागवून ठेवलं: दोन मोठे स्टेक, सहा अंडी, पॅनकेकची चळत, वर बटाटे.

"एवढं सगळं?" वेट्रेसने विचारलं. पिकलेल्या केसांची, लिपस्टिक लावलेली बाई होती ती.

"माझा पोरगा एकशे चाळीस किलोचा आहे," ग्लेन म्हणाला. गेल्या जुलैत तो भेटला तेव्हा होता. हे सांगताना ग्लेनची छाती फुगली, खोटं कशाला बोला?

ताटं आली. बाहेर बर्फ पडत होता. दार उघडलं की ग्लेन मान वर करायचा आणि दाराच्या रुंदीचं कोणी नसलं की खाली घालायचा. एवढ्यात निळी लोकरी टोपी घातलेला एक सडपातळ पोरगा आला आणि सरळ त्याच्यासमोर बसला.

"इथे माणूस यायचाय, बाळा," ग्लेन म्हणाला. "ती पलीकडची जागा रिकामी आहे बघ."

पोराने टोपी काढली.

"बाबा," तो म्हणाला.

ग्लेन बघतच राहिला. डोळे मार्लीनचे होते. बाकी सगळं अनोळखी होतं. आता मान दिसत होती, जबडा दिसत होता, मनगटाचं हाड वर आलेलं होतं. लाइनमधून बाहेर पडलेली पोरं कशी भराभर ओसरतात, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं, म्हणून त्याला काही विचारावं लागलं नाही.

"कधी सोडलंस?"

"ऑगस्टमध्ये. सराव सुरू झाला त्याच आठवड्यात."

"लागलं कुठे? कोणी काही बोललं?"

"नाही हो. एका सकाळी उठलो आणि वाटलं, नको. बास."

"आईला माहीत आहे?"

"तिला तेव्हाच सांगितलं. तुम्हाला मीच सांगेन म्हणालो होतो."

वेट्रेस कॉफी ओतायला आली आणि थबकली. "अगं बाई! एमेट, हेच का ते एकशे चाळीस किलो?" ती हसली. "तुझं नेहमीचं सूप आणू ना?"

"आणा, डोरीन."

ती गेल्यावर ग्लेनचा राग वर आला. "एवढे महिने मला येडा बनवलंस? दर गुरुवारी मी आपला बडबडतोय, पाय असा टाक, कंबर तशी वाकव. हसत असशील तू!"

"नव्हतो हसत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गुरुवारी आपण बोललो तरी काय असतो?"

एमेटने काटा उचलला आणि परत ठेवला.

"आणि बाबा, संघाची यादी कॉलेजच्या साइटवर असते. माझं नाव ऑगस्टमध्येच निघालं. मला दर आठवड्याला वाटायचं, या गुरुवारी तुम्ही विचाराल."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ग्लेनने त्या हंगामात समोरच्या प्रत्येक संघाचा प्रत्येक सामना पडद्यावर पुढेमागे करून पाहिला होता. पण या एका यादीकडे बघावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्याने स्टेक कापायला घेतला.

सूप आलं. एमेट ते हळूहळू, फुंकर घालून पीत होता.

"शनिवारी काय करतोस मग?" ग्लेनने विचारलं.

"कॉलेजच्या बंदिस्त तरणतलावावर लहान पोरांना पोहायला शिकवतो. पाच-पाच, सहा-सहा वर्षांची असतात. घाबरतात. आधी नुसतं तोंड पाण्यात घालायला शिकवायचं."

ग्लेनच्या ओठांवर आलं होतं, आधी श्वास सोडायला शिकव. त्याने ते गिळलं.

"आवडतं?"

"खूप."

मग ग्लेन म्हणाला, "मी इथे नोकरी घेतोय. तुझ्या आईने सांगितलं असेल. आता तू संघात नाहीस, तरी एका गावात तर राहू. तुला बरं वाटेल?"

एमेटने चमचा खाली ठेवला. "खरं सांगू?"

"सांग."

"नका येऊ बाबा. निदान मी इथे आहे तोवर नका येऊ. इथे आलो त्या दिवसापासून मी कोच हलूस्काचा पोरगा होतो. आत्ता कुठे लोक मला एमेट म्हणायला लागलेत." त्याने टोपी हातात घेतली. "राग नका धरू."

"नाही धरत," ग्लेन म्हणाला. आणि खरोखरच त्याला राग नव्हता. एकच वर्ष मागायला तो इतक्या लांब आला होता, आणि ते देणं पोराला शक्य नव्हतं.

डोरीनने उरलेलं सगळं बांधून दिलं. बाहेर येऊन ग्लेनने गाडीआड जाऊन ऑगल्स्बीला फोन लावला. पोराचं नाव मध्ये आणायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं.

"नाही जमणार, कोच. मी मिलवॉकीतच बरा."

"म्हणजे? सकाळी तर एका पायावर तयार होतात!" ऑगल्स्बी चिडला. "समजलं मला. लोकांच्या घरी जाऊन आयांपुढे हात जोडायचे म्हणजे तुम्हा प्रोवाल्यांना कमीपणा वाटतो. हेच ना?"

"हो," ग्लेन म्हणाला. "हेच."

तो परत आला तेव्हा एमेट टोपीवरचा बर्फ झटकत उभा होता. काय सांगितलंत, असं त्याने विचारलं नाही. बापाने त्याला जवळ घेतलं. "बाबा, क्लास आहे माझा," म्हणत तो हळूच सुटला आणि रस्ता ओलांडून कॉलेजच्या दिशेने निघाला.

ग्लेन गाडीत बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही. पोरगा कसा चालतो ते तो काचेतून पाहत होता. पावलं लांब पडत होती, डावा खांदा किंचित पुढे होता, हात खिशात. वळणापाशी पोरांचा घोळका आला आणि एमेट त्यात मिसळला. ग्लेनने काच पुसली, पुढे वाकला आणि नीट पाहून घेतलं, म्हणजे पुढच्या वेळी ओळखता येईल.