लोण्यातल्या गोळ्या

पोट दुखतं म्हणून शेवंताचा एक्स-रे निघाला, तेव्हा गरोदरपणी गिळलेल्या लोहाच्या गोळ्या त्यात जशाच्या तशा दिसल्या. पांढऱ्याशुभ्र. त्यांच्या मधोमध तिची मुलगी मांडी घालून बसली होती.

मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली होती, त्याला चार वर्षं झाली. पडद्यावर ती चार वर्षांचीच दिसत होती, म्हणजे वाढ बरोबर झाली होती.

त्या वेळी नर्सबाई सांगायच्या, अंगात रक्त नाही, गोळी चुकवू नका. सासू गोदाक्का सांगायची, त्या गोळीनं पोर काळं निपजतं. दोघींच्या कात्रीत सापडलेल्या शेवंतानं आपल्या अकलेनं तोड काढली. गोळी लोण्यात घोळवून गिळायची. लोण्यानं पोर गोरं होणार, नर्सबाई खूश, सासूही खूश. गोळ्या विरघळल्याच नाहीत, हे तिला आज कळलं. पोर उपाशी गेली, आणि आपल्याच शहाणपणानं गेली, या विचारानं तिचं काळीज फाटलं.

गोदाक्का पडद्याकडे बघत राहिली. "गोरी हाय की गं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

"आत्याबाई, तिला भूक लागलीया," शेवंता सासूला म्हणाली.

मुलगी गोळी तोंडात घालत होती, चघळून पुन्हा बाहेर काढत होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "दुखणं ह्या गोळ्यांचंच आहे. आज काढून टाकू."

"आन् पोरगी?" शेवंतानं विचारलं.

"ती गोळ्यांच्या उजेडात दिसते. मग दिसायची नाही."

"पर आत असंल न्हवं?"

"जे दिसत नाही त्याला आम्ही हात लावत नाही. आधी अजून एक फोटो काढू."

शेवंता मशीनच्या खोलीत शिरली तशी खोली आक्रसली. भिंती कोपरांना टेकल्या. गोदाक्का बाहेर राहिली आणि मागं दार उरलं नाही. पडदा तेवढा डोळ्यांसमोर होता.

भिंतीपलीकडून फोटोवाला म्हणाला, "श्वास घ्या. धरून ठेवा. सोडलात की ती उठून जाते."

शेवंतानं श्वास धरला. मुलीनं हातातली गोळी खाली ठेवली, मान वर केली आणि कडेवर घे म्हणून दोन्ही हात पसरले.

"झाला फोटो. सोडा श्वास."

शेवंतानं नाक-तोंड घट्ट दाबून धरलं.

"ताई, सोडा आता."

मुलगी टाचा उंचावून उभी होती.