ठिपक्याच्या झाडाचं न्हाणं

सांगावा आला तेव्हा सगुणाबाई ज्वारी पाखडत होती. कुंभार पिंपळगावाहून व्याह्यांचा गडी कचरू आला होता. "सोनूबाईला जल्दी घेऊन या म्हणल्या मालकीणबाई," एवढं बोलून तो पाणीही न घेता फिरला. सगुणाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. देवा, पावलास रे बाबा!

दिवाळीला म्हणून लेक तीर्थपुरीला माहेरी आली, ती आलीच. सासरचं कुणी न्यायला फिरकलं नाही. कारण काय, तर पोरीच्या मनगटावर बोराएवढा पांढरा डाग उमटलेला. कोड फुटलं म्हणे! ना खाज, ना दुखणं, भाकरी थापणारा हात तसाच. पण सासूनं, त्या झुंबरबाईनं, तिचा तांब्या वेगळा केला, तिला चुलीपासून उठवलं आणि सणाचं निमित्त करून घरातून काढून दिलं. गाव तर टपूनच बसलेलं. 'टाकलेली' हा शब्द अजून कुणी तोंडावर उच्चारला नव्हता, पण पाणवठ्यावर बायांच्या जिभेवर तोच घोळत होता.

म्हणून सगुणाबाईनं लेकीला नवं लुगडं नेसवलं, फडक्यात पुरणाच्या पोळ्या बांधल्या आणि दिराला, रामकिसनला, गाडी जुंपायला लावली. सोनूनं वाटेत दोनदा कुंकू नीट केलं.

सून नांदायला आली की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात. इथं कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. आतून झुंबरबाईचा आवाज तेवढा आला, "मागच्या दारानं आणा तिला!"

सगुणाबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लेकीचा हात धरून सरळ पुढच्या दारानं बैठकीत शिरली. तिथं, लोडाशेजारी, पितळी घंगाळात ती कुंडी होती. रुंद हिरवी पानं आणि त्यांवर दुधासारखे पांढरे डाग. तहसीलदारसाहेबांनी हैदराबादहून आणून दिलेलं झाड. निजामाच्या राज्यात तहसीलदारानं धोंडा दिला असता, तरी या घरानं त्याला शेंदूर फासला असता. ऊन सोसत नाही म्हणून झाड घरात ठेवायचं. सोनू रोज ओल्या फडक्यानं पानं पुसायची, माती बोटानं चाचपून मगच पाणी घालायची. आता त्याची पानं चिकट, काळपट होऊन लोंबत होती.

"काय झालं याला?" सोनूच्या तोंडून निघून गेलं.

"काय व्हायचं!" झुंबरबाई म्हणाली. "नरक चतुर्दशीला सगळ्यासंगं यालाबी न्हाऊ घातलं. करडीचं तेल चोळलं, उटणं लावलं, ऊन ऊन पाणी घातलं. म्हणलं, घरातलंच हाय, सणाला त्यालाच कोरडं कसं ठिवावं? तवापून मान टाकली बघ त्यानं."

सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातलंच हाय!

"साहेब येऊन राह्यले बघायला," झुंबरबाई पुढं म्हणाली. "तवर सोनूनं हे बराबर करावं. गोठ्यालगतच्या खोलीत ऱ्हाईल. झाड सुधरलं की कचरू आणून सोडील तिला."

"आणून सोडील? म्हंजी नांदवायला न्हाई बोलावलं तुम्ही?"

"विहीणबाई, डागाची पोर चुलीशी कशी घ्यावी? लोक काय म्हणतील?"

"अन् हे काय हाय?" सगुणाबाईनं एक पान धरून वर केलं. "हे डाग न्हाईत तर काय दही सांडलंय? याला बैठकीत बसवता, येणाऱ्या-जाणाऱ्याला मिरवून दाखवता, दिवाळीचं न्हाणं घालता! अन् माझी लेक गोठ्यात? जनाची न्हाई तर मनाची तरी ठिवा!"

"झाडाची अन् माणसाची बरोबरी करता का? अन् ते साहेबाचं हाय."

"ही माझी हाय!" सगुणाबाई कडाडली. जावई, कडूबा, खांबाला टेकून उभा होता. ती त्याच्याकडं वळली. "जावईबापू, तुम्ही तरी तोंड उघडा."

कडूबानं आईकडं पाहिलं, मग कुंडीकडं. "साहेबाला काय सांगावं, मामी?" एवढंच तो पुटपुटला. मेल्याच्या तोंडात काय मूग भरले होते कोण जाणे.

सोनू पुढं झाली. "आत्याबाई, करपलेली पानं काढून टाका. कोंब जिता असंल तर नवं पान फुटंल. पण ते डाग घेऊनच येईल. चालंल ना तुम्हाला?"

सोनू पुढच्याच दारानं बाहेर पडली.

गाडी वेशीबाहेर आली तरी सगुणाबाईच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "मुळासकट वाळावं ते झाड! साहेबासमोर वाळावं!" तेवढ्यात मागून हाक आली. "सोने, थांब! थांब!" कडूबा पळत येत होता, टोपी हातात, धोतराचा सोगा धुळीत.

"भाऊजी, थांबवा, थांबवा गाडी!" सगुणाबाईचा राग कुठल्या कुठं पळाला. शेवटी नवराच तो, पोटात माया असणारच की! सोनूनं पदर सावरला. कितीतरी दिवसांनी पोरीच्या तोंडावर रंग चढला होता.

कडूबानं गाडीचं चाक धरलं. त्याला दम लागला होता.

"एवढं सांगून जा," तो म्हणाला, "पाणी किती घालायचं?"

सोनू त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं.

"काका," ती म्हणाली, "गाडी हाका."